टँडीची पाठ

मंगळवार, ८ एप्रिल १९६९

ही वही एड्नाने नाताळात दिली होती. निवृत्त माणसाला काहीतरी चाळा हवा, असं माझ्या बायकोचं म्हणणं. तीन महिने वही कोरीच राहिली, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आज घडलं. आमच्या कामगार क्लबचा चिटणीस लेन टस्टिन दारात येऊन उभा राहिला. चोवीस तारखेच्या गुरुवारचा पाहुणा आजारी पडलाय, तर त्याच्या जागी तू बोल, म्हणाला. विषयही त्यानेच आणला होता. एखाद्याशी सगळ्यांनी मिळून बोलणं बंद करायचं, त्याला वाळीत टाकायचं, याला अख्खं इंग्लंड 'कॉव्हेंट्रीला पाठवणं' म्हणतं. पण त्या शिक्षेला आपल्याच गावाचं नाव का चिकटलं, हे आपल्याला धड ठाऊक नाही.

मी म्हटलं, मग आपल्याला कुठे पाठवणार, आपण तर इथेच जन्मलो. लेन हसून म्हणाला, "बघ विल्फ, भाषणाची सुरुवात झालीसुद्धा. आणि विगमोरमध्ये वाळीत टाकायचा ठराव तूच मांडायचास. तुझ्याइतकं यातलं कुणाला कळतंय?" विगमोरच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं फिटर होतो, त्यातली सतरा वर्षं कामगार प्रतिनिधी. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं. जानेवारीपासून मला कुणी काही विचारलंच नव्हतं.

गुरुवार, १० एप्रिल

वाचनालयात गेलो. तिथल्या मिस पार्जिटर हडकुळ्या आणि करड्या आहेत, पण जुन्या बोलींचं त्यांना वेड आहे. गावातले वाक्प्रचार कार्डांवर लिहून त्या बुटांच्या खोक्यात ठेवतात. त्यांनी विचारलं, "मिस्टर ऑल्ड्रिज, तुम्हाला रंजक गोष्ट हवी की खरी?" मी म्हटलं, दोन्ही द्या, क्लबात बिअर चालू असते.

एक गोष्ट अशी, की राजा आणि पार्लमेंट यांच्यात लढाई जुंपली तेव्हा राजाचे पकडलेले शिपाई इथल्या चर्चमध्ये आणून ठेवले. गाव पार्लमेंटच्या बाजूचं. कैदी मोकळ्या वेळात रस्त्यावर फिरायचे, पण त्यांच्याशी कुणी चकार शब्द बोलायचं नाही. दुसरी गोष्ट पलटणीची. गावाला शिपाई इतके नकोसे होते म्हणे, की एखादी मुलगी शिपायाशी बोलताना दिसली तर तिलाही घराघरांतून बंदी व्हायची. म्हणून इथली बदली म्हणजे शिपायाला जन्मठेप वाटायची. पुरावा दोन्हीला नाही, असं मिस पार्जिटर म्हणाल्या. मला दोन्ही आवडल्या. आपल्या गावाला पहिल्यापासून ताठ कणा होता, हे त्यातून दिसतं.

शनिवार, १२ एप्रिल

एड्ना सकाळी बाजारातून रुबार्बची पहिली जुडी घेऊन आली. लालभडक, आंबट देठ, हिरव्या सुतळीने नीट बांधलेले. तिचा बाजारवाला माणूस टापटिपीचा दिसतो. दुपारी रुबार्बची भाजलेली गोड पेस्ट्री आणि कस्टर्ड. बाजाराच्या रस्त्यावर पालिकेने काय खोदून ठेवलंय कोण जाणे, एड्नाचे बूट दर शनिवारी चिखलाने भरलेले असतात.

भाषणाचे कागद बांधायला दोरा हवा होता म्हणून स्वयंपाकघरातला खण उघडला, तर तो हिरव्या सुतळीच्या तुकड्यांनी गच्च भरलेला. एकेक तुकडा बोटाभोवती गुंडाळून ठेवलेला. हे काय साठवून ठेवलंस, विचारलं, तर म्हणाली की असू दे, कधीतरी लागेल. ही बाई काही म्हणजे काही टाकत नाही.

मंगळवार, १५ एप्रिल

मिस पार्जिटरनी आज एक नवीनच गोष्ट दाखवली. दीडशे वर्षांपूर्वी हा शब्द लष्करातल्या अधिकाऱ्यांच्या तोंडी होता. कुणी फार भांडकुदळ निघाला किंवा गैर वागला तर बाकीचे त्याला 'कॉव्हेंट्रीला पाठवत'. म्हणजे तो समोर बसलेला असला तरी परगावी गेलाय असं धरून चालायचं. कामापुरतं बोलायचं, एरवी नाही. मात्र त्याने चूक कबूल केली की सगळे उठून त्याचं स्वागत करत, जणू आत्ताच प्रवासाहून आलाय. पुढे हा शब्द शाळांत गेला, मग आमच्यासारख्यांच्या कारखान्यांत. मिस पार्जिटर म्हणाल्या की अर्थ बदलत गेला तसतसं ते स्वागत गळून पडलं. आता लोकांना फक्त पाठवणं माहीत आहे.

मी त्यांना ठासून सांगितलं की विगमोरमध्ये तसं नव्हतं. आमच्याकडे परतीची रीत होती. बंदी उठवायचं समितीने ठरवलं, की ज्याने ठराव मांडला त्याने स्वतःच्या मगात चहा घेऊन त्या माणसाच्या बाकापाशी जायचं आणि पहिला शब्द बोलायचा. तो बोलेपर्यंत बाकी कुणी तोंड उघडायचं नाही. माझ्या हातून चौघे असे परत आले.

आणि पाचवा सिरिल टँडी. तेही भाषणात घ्यावंच लागेल, लोक ऐकल्याशिवाय सोडणार नाहीत. सन एकावन्नच्या नोव्हेंबरात आम्ही एक दिवसाचा संप केला. टँडी एकटा येऊन कामाला उभा राहिला. म्हणे, मी मतदानात हात वर केला नव्हता, मग हत्यार का खाली ठेवू. मी ठराव मांडला. सहा आठवड्यांनी बंदी उठवायचं ठरलं, मी चहा घेऊन गेलो, 'मॉर्निंग, सिरिल' म्हटलं, आणि त्याने पाठ फिरवली. मग बंदी चालूच राहिली, तो नोकरी सोडून सायकलच्या दुकानात जाईपर्यंत, चौदा महिने. त्यावरून आमच्याकडे बोलायची पद्धतच पडली. कुणी समेटाचा हात झिडकारला तर 'टँडीची पाठ दाखवू नकोस' म्हणतात. विगमोरमध्ये कधी पाऊल न टाकलेली पोरंही म्हणतात.

मधल्या मार्चात त्याची बायको नोरा वारली होती. कारखान्यातून कुणी गेलं नाही. एड्ना त्या दिवशी नेमकी काळा कोट घालून बहिणीकडे ननीटनला गेली होती आणि मी थंड मटण खाल्लं, एवढं मला आठवतं.

शुक्रवार, १८ एप्रिल

भाषणाला उपयोगी पडेल म्हणून लेनने समितीच्या जुन्या वह्या आणून टाकल्या. सन बावन्नची वही सापडली. वाचत बसायला आज वेळ नाही. कुंपण रंगवायचं आहे.

शनिवार, १९ एप्रिल

कुंपण रंगवून झालं. वही वाचली.

त्या वेळी सभेची टिपणं लेन लिहायचा. 'बंधू ऑल्ड्रिज यांनी सांगितले, की प्रथेप्रमाणे ते चहा घेऊन गेले व प्रथम बोलले, परंतु बंधू टँडी यांनी पाठ फिरवली. बहिष्कार पुढे चालू.' खाली माझी सही आहे.

मी बोललो नव्हतो.

हे वाक्य लिहून मी बाहेर जाऊन परसात उभा राहिलो आणि परत आलो. ते अजून इथेच आहे, तेव्हा पुढचंही लिहून टाकतो. मी चहाचा मग घेऊन गेलो होतो, इथपर्यंत सगळं खरं. टँडी कानस चालवत होता. मी जवळ आलो तशी त्याने मान वर करून मगाकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर इतकी आशा होती की मला ती बघवेना. चांगल्या ताठ माणसाला सहा आठवड्यांत एवढ्यावर कुणी आणलं, ते मला तिथल्या तिथे कळलं. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून मी थांबलोच नाही. पुढे नळापाशी गेलो आणि तो चहा उभ्या उभ्या स्वतः प्यायलो. उद्या बोलू, असं मनाशी म्हटलं. पण जेवणाच्या सुट्टीत समितीने विचारलं, काय म्हणाला टँडी, आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं.

नंतर ते इतक्यांदा सांगितलं की मला त्याची पाठ दिसायलाही लागली. तपकिरी डगला, खांद्यावर तेलाचा डाग. आजवर मला कुणी शपथेवर विचारलं असतं तरी मी तो डाग सांगितला असता.

सोमवार, २१ एप्रिल

ब्रेडच्या दुकानापाशी टँडी दिसला. दोन गल्ल्या सोडून राहतो, त्यामुळे अधूनमधून दिसतोच. इतकी वर्षं मी रस्ता ओलांडून पलीकडे जायचो, त्यानेच पाठ फिरवली होती म्हणून. आज ओलांडायचा नाही असं ठरवलं. तो वीस पावलांवर आला आणि मी ओलांडला. पलीकडे फक्त केसांच्या गंगावनांचं दुकान आहे. मी टकला माणूस, पाच मिनिटं त्याच्या काचेत बघत उभा होतो.

ठरवलं आहे की गुरुवारी भाषणात खरं सांगून टाकायचं. तसं लिहूनही काढलं, दीड पान झालं.

शुक्रवार, २५ एप्रिल

काल भाषण झालं. हॉल भरला होता. चर्चमधले कैदी, पलटण, अधिकारी, सगळं छान रंगलं. आपल्याला कुठे पाठवणार, यावर तर टाळ्या पडल्या. ते दीड पान आतल्या खिशात होतं. ते काढायला मी हात घातला तेवढ्यात लेन खालून ओरडला, "टँडीचं सांग की."

मी सांगितलं. नेहमीसारखंच सांगितलं. इतकंच नाही, तर हातात चहाचा मग धरल्यासारखा चाललो आणि मग टँडी होऊन लोकांकडे पाठ केली. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. पाठ त्यांच्याकडे होती म्हणून माझं तोंड कुणाला दिसलं नाही, एवढं एक बरं झालं.

नंतर मिस पार्जिटर कार्ड आणि पेन्सिल घेऊन आल्या. वाक्प्रचार कुठून निघाला ते सांगणारा साक्षीदार जिवंत सापडणं फार दुर्मीळ असतं म्हणाल्या. साल, महिना, कारखाना, सगळं लिहून घेतलं. मी त्यांना टँडीच्या नावाची अक्षरं एकेक करून सांगितली. इतका हलकट मी स्वतःला कधी वाटलो नव्हतो. एड्ना शेवटच्या रांगेत कोट घालून बसली होती. घरी येताना काही बोलली नाही. दमली असावी.

शनिवार, २६ एप्रिल

एड्ना अजून गप्प आहे, घसा बसलेला दिसतो. औषधवाल्याकडून तिला गोळ्या आणून दिल्या. तिने त्या बशीत ठेवल्या आणि भांडी घासायला लागली. बाजारातून या आठवड्यात रुबार्ब आणला नाही.

सोमवार, २८ एप्रिल

सकाळी भिंतीपलीकडच्या शेजारणीशी एड्ना पाव तास खणखणीत आवाजात गप्पा मारत होती. म्हणजे घसा ठीक आहे.

मग आत येऊन तिने माझ्यासमोर अंडं ठेवलं, मीठ ठेवलं, आणि कामापुरतं एकच वाक्य बोलली, की कोळसेवाला उद्या येणार आहे. कामापुरतं बोलायचं, एरवी नाही. मी चार दिवस त्यात होतो आणि मला कळलं नव्हतं. सतरा वर्षं ठराव मांडणारा मी. अंडं तसंच राहिलं.

मंगळवार, २९ एप्रिल

कोळसेवाला गेल्यावर मी एड्नाला बसायला सांगितलं. ती उभीच राहिली. मी म्हटलं, "मी त्याच्याशी बोललोच नव्हतो. चहा मीच प्यायलो."

तिने ओले हात पुसले. "माहीत आहे मला. नोराला पुरलं तेव्हा आम्ही चौघं होतो, पाद्री धरून. निघताना सिरिलने मला एकच विचारलं. विल्फ का थांबला नाही म्हणे."

म्हणजे ननीटन नव्हतं. सतरा वर्षं ती हे जाणून माझ्यासमोर रोज अंडं ठेवत होती. मी विचारलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, "पहिला शब्द तू बोलायचा होता. मी कशी बोलू? तू सांगशील म्हणून वाट बघत होते. गुरुवारी तू त्याची नक्कल केलीस आणि लोक हसले, तेव्हा मात्र माझं मन उडालं तुझ्यावरून."

मला रडू आलं. तिने जवळ घेतलं नाही. रेल्वेच्या रुळांकडेला पालिकेचे भाजीचे वाफे आहेत, तिथे तो सकाळी सातला असतो, एवढं सांगून ती वर गेली.

बुधवार, ३० एप्रिल

थर्मासमध्ये चहा घेतला आणि विगमोरमधला माझा जुना मग घेतला. वाफ्यांवर धुकं होतं. टँडी कुदळीने सरी ओढत होता. खूप वाळलाय. शेवटच्या वाफ्यात रुबार्बची रुंद पानं होती आणि खोपट्याच्या खिळ्याला हिरव्या सुतळीचं रीळ टांगलेलं होतं. ते पाहिलं आणि मी वाटेतच थांबलो. सगळे शनिवार, सगळे चिखलाचे बूट डोळ्यांसमोरून गेले. मी त्या माणसाच्या हातचं किती वर्षं खात होतो, आणि वर बाजारवाल्याचं कौतुक करत होतो.

चहाचा मग भरून पिंपाच्या झाकणावर ठेवला आणि म्हटलं, "मॉर्निंग, सिरिल."

त्याने सरी शेवटापर्यंत ओढली. परत आला. मगाला हात लावला नाही.

"त्या दिवशी तू येताना दिसलास मला," तो म्हणाला. "मी कानस खाली ठेवली होती."

मी म्हटलं की मला माफ कर. पाठ फिरवल्याचं मी खोटं सांगितलं. त्याने मान डोलावली. "ते कळलं मला. सायकलच्या दुकानात पोरं यायची. एकमेकांना म्हणायची, टँडीची पाठ दाखवू नकोस. मी त्यांचं पंक्चर काढत असायचो. त्यांना काय माहीत मी कोण. हे मला कशाला सांगतोस, विल्फ? मला ठाऊकच होतं. त्यांना सांग."

चहा गार झाला. मी तो ओतून दिला आणि घरी आलो.

शुक्रवार, २ मे

काल क्लबात डार्ट्स सुरू व्हायच्या आधी उभा राहिलो आणि सांगितलं. दीड पान लागलंच नाही, चार वाक्यांत झालं. कुणी हसलं नाही. लेनने ग्लास खाली ठेवला. म्हणाला, "मी माझ्या हाताने लिहिलं होतं ते. आम्ही सगळे त्याच्या बायकोच्या अंत्यविधीलाही..." मग त्याने टोपी घातली आणि तो गेला. बाकीचे डार्ट्सकडे वळले. मी तासभर बसलो होतो. माझ्याशी कुणी बोललं नाही आणि मला ते बरोबर वाटलं.

आज वाचनालयात जाऊन मिस पार्जिटरना कार्ड फाडायला सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "कार्ड फाडता येईल, मिस्टर ऑल्ड्रिज. लोकांच्या तोंडातलं काढता येणार नाही." मग कार्ड न फाडता त्यांनी त्याच्या मागच्या बाजूला मी सांगितलं ते लिहून घेतलं, चहा मीच प्यायलो इथपर्यंत, आणि खाली सही करायला लावली. वाक्प्रचार टिकेल, माझं नावही त्याच्याबरोबर टिकेल. टिकू दे.

शनिवार, ३ मे

सकाळी एड्नाने बूट चढवले आणि दारात थांबली. निघाली तेव्हा तिने दार लावून घेतलं नाही. मी थर्मास घेऊन तिच्या मागोमाग गेलो.

टँडीजवळ एक पिशवी होती, त्यात अर्धा केक. काल लेन आला होता, एवढंच तो एड्नाला म्हणाला. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. मी चहाचा मग भरून पिंपाच्या झाकणावर ठेवला आणि पुन्हा "मॉर्निंग, सिरिल" म्हटलं. त्याने हात पुसून तो मग उचलला. एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

"दोन चमचे साखर लागते मला," तो म्हणाला. "एड्नाला माहीत आहे."

मी म्हटलं, पुढच्या वेळी लक्षात ठेवतो. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. पण चहा मात्र सगळा प्यायला. मग वाकून रुबार्ब उपटला, सुतळी तोडली, जुडी बांधली आणि या वेळी ती एड्नाला न देता माझ्या हातात दिली.

घरी आल्यावर एड्नाने गाठ सोडली. सुतळी बोटाभोवती गुंडाळून खणात ठेवली, खण जोर लावून बंद केला. मग किटली चढवली आणि माझ्याकडे पाठ असतानाच विचारलं, "काय मग, प्रवास कसा झाला?"

अधिकाऱ्यांच्या त्या स्वागताची गोष्ट तिने शेवटच्या रांगेतून ऐकली होती. ती कपबशा काढेपर्यंत मी खुर्चीच्या पाठीला धरून उभा होतो.